पाचव्या तासाला

या गावाचं नाव लिहायचं एक
आणि म्हणायचं दुसरंच.
नवा माणूस स्टेशनवर हमखास चुकतो,
तिकीटवाली हसून सुधारते : कीथली, लव्ह, कीथली.
मी पहिल्याच दिवशी बरोबर म्हणालो.
लिहायचं एक, म्हणायचं एक,
याचा सराव मला सांगलीपासूनच होता.

सोमवारी स्टाफरूममध्ये विचारायचे, वीकएंड कसा गेला?
मी 'आम्ही' गिळून 'मी' म्हणायचो.
मी टेकडीवर गेलो. मी मासे खाल्ले.
मी मला म्हणालो, छत्री घे.

बीजगणित शिकवणाऱ्याला काय अवघड
घरातल्या माणसाला क्ष मानणं?
सात वर्षं मानला.
क्ष रोज सकाळी माझा डबा भरायचा.

मग गुरुवार सुरू झाले.
शाळा सुटल्यावर, लायब्ररीच्या मागच्या खोलीत,
आम्ही सहाजण, कधी चारच.
रेडिएटर खडखडणारा, बिस्किटं मऊ पडलेली.
तन्झीलानं घातलेला नियम एकच :
सल्ला द्यायचा नाही.
शाळेतल्या एका दिवसाची गोष्ट सांगायची
आणि गोष्टीत आपण असलं पाहिजे.

नोरीन ॲकरॉइड, वय अठ्ठ्याहत्तर, विषय भूगोल.
कलम अठ्ठावीसच्या काळात नोकरी केलेली.
तिनं सांगितलं, टिंडलबाई माझ्या घरात एकोणीस वर्षं
'भाडेकरू' होती.
ती गेली तेव्हा रजा मागितली.
हेडमास्तर वाईट नव्हते. त्यांनी नियम काढून पाहिला :
मैत्रीण असेल तर अर्धा दिवस.
स्मशानातून बस पकडून पाचव्या तासाला मी वर्गात.
त्या दिवशी नालाकृती सरोवर होतं,
नदी आपलंच वळण मागे टाकून
सरळ कशी निघून जाते, ते.
आकृती छान आली, म्हणाली. मुलांनी उतरवून घेतली.

कुणी काही बोललं नाही.
कॅलमनं बिस्किटांचा डबा तिच्याकडे सरकवला,
तिनं दोन घेतली, एक पर्समध्ये टाकलं.

त्यानंतरच्या बुधवारी, नववी आर, शेकडेवारी.
फळ्यावर गणित घातलं :
परचुरे सर आणि इयन यांनी सहाशे पौंडांचा सोफा
वीस टक्के सवलतीत घेतला, तर...
इयन कोण, सर?
माझा नवरा.
खडू असता तर मोडला असता.
मार्कर होता, त्याचं टोपण मी तीनदा लावलं, काढलं.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं,
ते मी ऐकलं आणि अजून ऐकतो.
मग पुढची एक मुलगी, वैतागून :
पण सर, डिलिव्हरी धरायची की नाही?

शनिवार-रविवार फोनकडे पाहत बसलो,
शाळेचा येईल म्हणून.
आला तो आईचा : जेवलास का?

ही गोष्ट त्या खोलीत मी चारदा सांगितली आहे.
नोरीन दर वेळी सोफ्याचा रंग विचारते.
इंग्रजीत सोपं जातं. 'पार्टनर' म्हटलं
की दुकानातला भागीदारसुद्धा खपतो.
मराठीत शब्द एक वेळ लपवता येतो,
क्रियापद चहाडी करतं.
म्हणून आईशी बोलताना इतकी वर्षं
सगळं चालायचं ते कर्त्याविनाच :
पाहुणे येऊन गेले. जेवण झालं. भांडी घासून झाली.

आज पहिल्यांदा मराठीत लिहून पाहतोय,
वहीच्या शेवटच्या पानावर, मुलं चाचणी सोडवत असताना.
इयन आला.
इयन जेवला.
भांडी त्यानंच घासली, एक कप फोडला,
आणि त्या हिरव्या सोफ्यावर
तोंड उघडं टाकून झोपला.

उत्तर चारशे ऐंशी.
डिलिव्हरी वेगळी.